दोन फिती शेजारी ठेवल्या की काय सिद्ध होते?

प्रश्न असा आहे: 'अमेरिकेतील "द डेली शो"सारखे उपहासात्मक कार्यक्रम एकाच अँकरची जुनी आणि नवी वक्तव्ये लागोपाठ दाखवतात आणि त्या वाहिनीचा दुटप्पीपणा उघड करतात. याला पुरावा मानायचे, की संदर्भ तोडून केलेली कापाकापी? आणि अशा कार्यक्रमांमुळे वाहिन्यांच्या वागण्यात खरोखर काही फरक पडतो का?'

मी वीस वर्षांहून अधिक काळ मराठी दूरचित्रवाणीच्या न्यूजरूममध्ये व्हिडिओ संकलन आणि फुटेज लायब्ररी या दोन्ही ठिकाणी काम केले आहे. कोणता बाईट (बोलणाऱ्याच्या मुद्रणातला बातमीत वापरायचा तुकडा) कुठे कापायचा हा निर्णय मी रोज घेतलेला आहे, म्हणून या प्रश्नाकडे मी प्रेक्षकाच्या आधी संकलकाच्या नजरेने पाहतो. माझे उत्तर आधीच सांगतो. बोलणारी व्यक्ती तीच, मुद्दा तोच आणि बदलला आहे तो फक्त पक्ष, एवढे जुळत असेल तर शेजारी लावलेल्या दोन फिती हा भक्कम पुरावा असतो. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर तो पुरावा राहत नाही, मग प्रेक्षक कितीही हसोत. परिणामाबद्दल माझा अनुभव असा की वाहिनी चुकीच्या फुटेजबद्दल माफी मागते, पण दुहेरी मापदंडाबद्दल जवळजवळ कधीच मागत नाही. या फरकाचे कारण समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९६ या एकाच वर्षात अमेरिकेत तीन गोष्टी सुरू झाल्या. जुलैच्या मध्यावर एमएसएनबीसी ही वृत्तवाहिनी आली, त्याच महिन्यात कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर 'द डेली शो' सुरू झाला आणि ७ ऑक्टोबरला रूपर्ट मरडॉक यांची फॉक्स न्यूज प्रसारित होऊ लागली. फॉक्सचे प्रमुख रॉजर आयल्स हे पत्रकारितेतून नव्हे, तर राजकीय प्रचारातून आलेले होते. निक्सन यांच्या १९६८ च्या प्रचारापासून रिपब्लिकन उमेदवारांना दूरचित्रवाणीवर कसे दाखवावे हे सांगणे हे त्यांचे काम होते. जानेवारी १९९९ मध्ये जॉन स्टुअर्ट 'द डेली शो'चे सूत्रसंचालक झाले आणि पुढील काही वर्षांत त्या कार्यक्रमाचे मुख्य लक्ष्य राजकारण्यांइकतेच त्यांना दाखवणाऱ्या वाहिन्या हे बनले.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण चर्चेत तो नेहमी पुसला जातो. पक्षपाती असणे आणि दुटप्पी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी वाचकाला हे उदाहरण देऊन समजावण्याची गरज नसावी. 'सामना' हे शिवसेनेचे (आता ठाकरे गटाचे) मुखपत्र आहे हे ते हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यातला अग्रलेख पक्षाची बाजू मांडतो याला कोणी ढोंग म्हणत नाही. ढोंगासाठी आधी वचन द्यावे लागते. फॉक्स न्यूजने जवळजवळ दोन दशके 'फेअर अँड बॅलन्स्ड' म्हणजे 'निःपक्ष आणि संतुलित' हे ब्रीदवाक्य मिरवले आणि २०१७ मध्ये ते सोडून दिले. उपहासकाराला पकड मिळते ती या वचनाची. ज्याने मापदंड जाहीर केला, त्यालाच तो लावून पाहता येतो.

काही जण सांगतात की अमेरिकेत 'फेअरनेस डॉक्ट्रिन' हा वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू दाखवायला लावणारा नियम १९८७ मध्ये रद्द झाला म्हणून फॉक्स न्यूज जन्मली. हे अर्धवट आहे. १९४९ पासूनचा तो नियम सार्वजनिक लहरींवरून प्रसारण करणाऱ्या रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांना लागू होता. केबलवरच्या वाहिन्यांना तो लावला गेलाच नव्हता. नियम गेल्यामुळे रेडिओवरच्या एकतर्फी राजकीय बोलक्या कार्यक्रमांना मोकळीक मिळाली आणि त्या कार्यक्रमांनी जो श्रोतृवर्ग घडवला तो पुढे केबलला मिळाला, एवढाच संबंध सांगता येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो आणि त्यासाठी माझ्या मते या प्रकारातले सर्वांत नेटके उदाहरण घेतो. मी ते नव्या संकलकांना शिकवताना अनेकदा वापरले आहे. २९ ऑगस्ट २००८ रोजी रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सेरा पेलिन यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्या तेव्हा दोन वर्षेही पूर्ण न झालेल्या गव्हर्नर होत्या आणि त्याआधी वसिला नावाच्या काही हजार वस्तीच्या गावाच्या महापौर. त्याच महिन्यात, १० ऑगस्टला, अध्यक्ष बुश यांचे माजी राजकीय सल्लागार आणि फॉक्सवरील भाष्यकार कार्ल रोव्ह हे सीबीएस वाहिनीवर व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर टिम केन यांच्याबद्दल बोलले होते, कारण केन यांचे नाव ओबामांच्या बाजूने उपाध्यक्षपदाचे संभाव्य उमेदवार म्हणून घेतले जात होते. रोव्ह यांचा आक्षेप असा होता की केन तीनच वर्षे गव्हर्नर आहेत आणि त्याआधी ज्या रिचमंड शहराचे ते महापौर होते ते काही मोठे शहर नाही. त्याहून मोठ्या शहरांची यादीच त्यांनी वाचून दाखवली. तीन आठवड्यांनी तेच रोव्ह फॉक्सवर पेलिन यांच्या अनुभवाची वाखाणणी करत होते आणि त्यात महापौरपदाचाही उल्लेख अभिमानाने होत होता. ३ सप्टेंबरच्या भागात 'द डेली शो'ने या दोन फिती लागोपाठ लावल्या. मध्ये भाष्य जवळजवळ नव्हते.

त्याच भागात दुसरी जोडी होती फॉक्सचे निवेदक बिल ओ'रायली यांची. पेलिन यांची अल्पवयीन, अविवाहित मुलगी गरोदर असल्याचे जाहीर झाले तेव्हा ओ'रायली यांनी हा कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे आणि त्यांना शांततेत राहू द्यावे अशी भूमिका घेतली. ही भूमिका सुसंस्कृत होती आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण नऊ महिने आधी, डिसेंबर २००७ मध्ये, एका प्रसिद्ध पॉप गायिकेच्या सोळा वर्षांच्या बहिणीबाबत अशीच बातमी आली होती. त्या वेळी याच निवेदकाने दोष मुख्यतः मुलीच्या आईवडिलांचा आहे, त्यांचा मुलीवर ताबा नाही, असे कॅमेऱ्याकडे पाहून सांगितले होते. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण इतकी शब्दशः लागू पडावी असा प्रसंग दूरचित्रवाणीवर क्वचितच येतो.

हे उदाहरण मी नेटके का म्हणतो ते पाहा. रोव्ह यांच्या दोन विधानांत मोजपट्टी तीच आहे: गव्हर्नरपदाची वर्षे आणि शहराचा आकार. त्या मोजपट्टीवर दुसऱ्या उमेदवाराचे आकडे पहिल्यापेक्षा कमी भरतात, तरी निकाल उलटा लागतो. दरम्यान कोणतीही नवी माहिती समोर आलेली नाही, तीन आठवड्यांत माणसाचे विचार प्रामाणिकपणे बदलल्याची कबुली नाही, आणि दोन्ही विधाने पूर्ण वाक्यांची आहेत. बदललेला घटक एकच, तो म्हणजे पक्ष. प्रयोगशाळेत बाकी सर्व घटक स्थिर ठेवून एकच बदलतात आणि परिणाम पाहतात, तसेच हे आहे. असे असेल तेव्हा उपहासकाराला विशेषण वापरावे लागत नाही, आणि माझ्या मते वापरूही नये.

अशी जोडी सापडते कशी, हेही सांगितले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला हे केवळ स्मरणशक्तीचे काम वाटते. स्मरणशक्ती लागतेच; 'हे मी कुठेतरी उलटे ऐकले आहे' असा खटका ज्याच्या मनात उठत नाही त्याने या कामात पडू नये. पण खटका उठल्यावर ती फीत तासाभरात हातात यावी लागते. 'द डेली शो'च्या कार्यालयात सुरुवातीला घरगुती वापराची डिजिटल रेकॉर्डर यंत्रे रांगेने लावून वृत्तवाहिन्या मुद्रित केल्या जात. पुढे शब्द टाकून रेकॉर्डिंग शोधता येईल अशी यंत्रणा आली. ही शोधाशोध शक्य झाली ती एका अगदी वेगळ्या हेतूने केलेल्या कायद्यांमुळे. १९९० च्या कायद्याने अमेरिकेत तेरा इंच किंवा त्याहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांत बधिर प्रेक्षकांसाठी पडद्यावर संवाद उमटवणारी व्यवस्था असणे बंधनकारक केले आणि १९९६ च्या दूरसंचार कायद्याने कार्यक्रमांनाच अशी अक्षरे जोडण्याची सक्ती आणली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी अँकरचा प्रत्येक शब्द लिहिला जाऊ लागला, आणि त्यामुळे तो प्रत्येक शब्द शोधण्याजोगाही झाला. आपल्या बोलण्याची अशी वही लिहिली जात आहे याचे भान त्या काळच्या निवेदकांना नसावे, असे त्यांच्या बिनधास्तपणावरून वाटते.

आता संदर्भ तोडण्याच्या आरोपाकडे वळतो. हा आरोप खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही. नवखा असताना एका नेत्याच्या मुलाखतीतून मी बारा सेकंदांचा बाईट काढला होता. वाक्य 'जर'ने सुरू होत होते. पॅकेज, म्हणजे बातमीचा तयार व्हिडिओ, लांबत होते म्हणून मी ते 'जर'चे अर्धे वाक्य उडवले आणि राहिलेले अर्धे ठाम विधान म्हणून ऐकू येऊ लागले. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने प्रसारणाआधी पूर्ण टेप ऐकली आणि मला समोर बसवून दोन्ही पुन्हा ऐकवले. तेव्हापासून बाईटच्या आधीची दोन मिनिटे आणि नंतरची दोन मिनिटे ऐकल्याशिवाय मी कट मारलेला नाही. मराठीत तर हा धोका इंग्रजीपेक्षा मोठा आहे. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या सुरुवातीलाच येतो. आपल्याकडे 'असे घडले पाहिजे, हे मला मान्य नाही' या वाक्यातला नकार अगदी शेवटी असतो. एक सेकंद आधी कात्री चालली तर माणूस जे नाकारतो आहे तेच तो म्हणतो आहे असे दिसते.

अमेरिकेतलेच वादग्रस्त उदाहरण घ्यायचे तर शेअर बाजारावर सल्ला देणारे निवेदक जिम क्रेमर यांचे घेता येईल. ११ मार्च २००८ रोजी सीएनबीसी या अर्थविषयक वाहिनीवरील त्यांच्या कार्यक्रमात एका प्रेक्षकाने बेअर स्टर्न्स या वित्तसंस्थेतून पैसे काढावेत का, असे विचारले. क्रेमर यांनी संस्था व्यवस्थित आहे, पैसे हलवू नका, असे जोराने सांगितले. काही दिवसांतच संस्था कोलमडली आणि जेपी मॉर्गन या बँकेने ती विकत घेतली. वर्षभराने ती फीत गाजली तेव्हा क्रेमर यांचा बचाव असा होता की प्रश्न त्या संस्थेत ठेवलेल्या पैशांविषयी होता, तिच्या समभागांविषयी नव्हता. प्रश्नाचे शब्द पाहिले तर हा बचाव अगदीच पोकळ म्हणता येत नाही. शिवाय भाकीत चुकणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे. मार्च २००९ मध्ये क्रेमर स्वतः 'द डेली शो'मध्ये आले तेव्हा स्टुअर्ट यांनी या एका फितीवर भिस्त ठेवली नाही, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. त्यांनी क्रेमर यांची २००६ मधील एक मुलाखत दाखवली, ज्यात ते हेज फंडांत (श्रीमंत गुंतवणूकदारांच्या खासगी फंडांत) बाजारभाव कसे हलवले जातात हे मोकळेपणाने समजावत होते. सामान्य गुंतवणूकदाराचा मार्गदर्शक म्हणून पडद्यावर येणाऱ्याला पडद्यामागचा खेळ पूर्ण ठाऊक होता, हा मुद्दा त्यामुळे टिकला. भाकितांच्या फितींपेक्षा ही एक फीत किती तरी अधिक वजनाची होती.

परिणामाच्या प्रश्नासाठी मला दोन प्रसंग शेजारी ठेवायचे आहेत. पहिला पेलिन यांच्या उमेदवारीचा, जो वर सांगितला. त्या भागानंतर ना रोव्ह यांनी दिलगिरी व्यक्त केली, ना ओ'रायली यांनी. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २००९ चा. वॉशिंग्टनमध्ये आरोग्यविमा विधेयकाच्या विरोधात एक सभा झाली आणि शॉन हॅनिटी यांच्या फॉक्सवरील कार्यक्रमात तिची गर्दी दाखवताना सप्टेंबरमधल्या दुसऱ्याच, कितीतरी मोठ्या मोर्चाची दृश्ये मिसळली गेली. 'द डेली शो'च्या नजरेला ते पडले ते झाडांमुळे. एका शॉटमध्ये पानगळीच्या ऋतूतली रंग बदललेली पाने होती आणि पुढच्याच शॉटमध्ये झाडे हिरवीगार. आकाशही एका दृश्यात निरभ्र आणि दुसऱ्यात ढगाळ. कार्यक्रम प्रसारित झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हॅनिटी यांनी स्टुअर्ट यांचे म्हणणे बरोबर असल्याचे पडद्यावर मान्य केले आणि ही अनवधानाने झालेली चूक असल्याचे सांगितले. जुने दृश्य वापरले तर त्यावर 'संग्रहित' असे लिहायचे, हा न्यूजरूममधला पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम आहे. तो मोडला गेला हे नाकारण्याची सोयच नव्हती.

एकाच वाहिनीने, एकाच उपहासकाराच्या दोन आक्षेपांना इतका वेगळा प्रतिसाद का दिला असावा? माझ्या समजुतीनुसार उत्तर असे आहे. चुकीचे दृश्य ही वस्तुस्थितीतली चूक असते. ती मान्य केल्याने वाहिनीचा प्रेक्षक दुखावत नाही. उलट चूक सुधारणारी वाहिनी म्हणून थोडी पतही वाढते. दुहेरी मापदंड मान्य करायचा म्हणजे मात्र प्रेक्षकाला सांगावे लागते की काल विरोधी पक्षावर लावलेली मोजपट्टी आज आपल्या माणसावर लावायला हवी होती. प्रेक्षक त्या वाहिनीकडे येतो तो नेमके हे ऐकावे लागू नये म्हणून. ही चूक तो त्याच्या बाजूने केलेली सेवा समजतो. म्हणून दुटप्पीपणा हा निष्काळजीपणातून घडत नाही. तो त्या वाहिनीच्या व्यवसायाचा भाग असतो आणि लाज वाटून तो थांबेल ही अपेक्षा चुकीच्या जागी ठेवलेली आहे.

अपवाद म्हणून लोक 'क्रॉसफायर'चे नाव घेतात. १५ ऑक्टोबर २००४ रोजी स्टुअर्ट सीएनएनच्या या जुन्या वादविवाद कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले, विनोद करायला त्यांनी नकार दिला आणि टकर कार्लसन व पॉल बेगाला या दोन्ही बाजूंच्या सूत्रधारांना तुमच्या या खोट्या भांडणांनी देशाचे नुकसान होते आहे, हे थांबवा, अशी विनंती केली. जानेवारी २००५ मध्ये सीएनएनने कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले आणि तेव्हाचे प्रमुख जोनाथन क्लाइन यांनी आपण स्टुअर्ट यांच्या मताशी सहमत असल्याचे म्हटले. पण ज्या साच्यावर त्यांचा आक्षेप होता तो साचा गेला नाही. कार्लसन एमएसएनबीसीवर गेले, तिथून फॉक्सवर आणि २०१६ पासून त्यांचा रोज रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला.

उपहासकारही चुकतात, आणि त्यांना तीच मोजपट्टी लावली नाही तर वरचा सगळा विचार कोसळतो. जून २०११ मध्ये स्टुअर्ट यांनी फॉक्सवर जाऊन, फॉक्सचे प्रेक्षक प्रत्येक पाहणीत सर्वाधिक चुकीची माहिती असलेले आढळतात, असे म्हटले. पॉलिटिफॅक्ट या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थेने हे विधान असत्य ठरवले. काही पाहण्यांत तसे आढळले होते, सर्वांत नाही. स्टुअर्ट यांनी आपल्या कार्यक्रमात चूक मान्य केली आणि मगच त्याच संस्थेने फॉक्सची कोणकोणती विधाने असत्य ठरवली आहेत याची यादी दाखवली. बाजूचा प्रश्नही येतोच. ते डाव्या विचारांकडे झुकलेले आहेत हे त्यांनी लपवले नाही. पण जानेवारी २०१० मध्ये डाव्या बाजूच्या मानल्या जाणाऱ्या एमएसएनबीसीच्या कीथ ओल्बरमन यांनी एका रिपब्लिकन उमेदवारावर शिव्यांची लाखोली वाहिली तेव्हा स्टुअर्ट यांनी आपल्या कार्यक्रमात त्यांचीच खिल्ली उडवली आणि ओल्बरमन यांनी दुसऱ्या दिवशी आपला तोल गेल्याचे मान्य केले. माझ्या लेखी उपहासकाराची परीक्षा त्याच्या राजकीय मतांत नसते; आपल्या बाजूचा माणूस तेच करतो तेव्हा त्याची कात्री चालते की नाही, यात असते.

प्रेक्षकांवरील परिणामाबाबत संशोधन झाले आहे आणि ते उपहासाच्या चाहत्यांना फारसे सुखावणारे नाही. ईस्ट कॅरोलायना विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये असे दाखवले की 'द डेली शो' पाहिलेल्या तरुणांचा उमेदवारांवरील आणि वृत्तमाध्यमांवरील विश्वास घटतो, मात्र आपल्याला राजकारण कळते हा आत्मविश्वास वाढतो. २००९ मधील ओहायो स्टेट विद्यापीठाचा अभ्यास स्टीफन कोल्बेअर यांच्याविषयी होता. कोल्बेअर २००५ ते २०१४ या काळात एका अतिउजव्या अँकरचे सोंग घेऊन कार्यक्रम करत. तो कार्यक्रम सर्वच गटांना विनोदी वाटला, पण पुराणमतवादी प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना असे वाटले की हा माणूस विनोदाचा केवळ आव आणतो, मनातून त्याला हेच म्हणायचे आहे. सोंगाला ही मर्यादा आहे. शेजारी ठेवलेल्या दोन फितींना ती नाही, म्हणूनच मी सोंगापेक्षा फितींच्या जोडीवर अधिक विश्वास ठेवतो.

फितींनाही एक कुंपण आहे. पडद्यावर जे बोलले गेले त्यातली विसंगती त्या दाखवतात. बोलणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता का, हे त्या सांगू शकत नाहीत. ते काम न्यायालयाला करावे लागले. २०२० च्या निवडणुकीनंतर मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे आरोप फॉक्सवर सतत होत राहिले आणि यंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने डेलावेअर राज्यात बदनामीचा दावा लावला. त्यात वाहिनीच्या आतले संदेश उघड करावे लागले. जे आरोप पडद्यावर गंभीरपणे चालवले जात होते त्यांची खासगीत खिल्ली उडवली जात होती. एका महिला वार्ताहराने ट्रम्प यांच्या दाव्याला तथ्य तपासून उत्तर दिले तेव्हा कार्लसन यांनी तिला काढून टाका असे सहकाऱ्यांना कळवले आणि कारण दिले की यामुळे कंपनीचे नुकसान होत आहे, समभागाचा भाव उतरला आहे. निवडणुकीच्या रात्री फॉक्सने ॲरिझोना राज्य बायडेन यांच्या खात्यात टाकल्यापासून चिडलेला प्रेक्षक न्यूजमॅक्स या प्रतिस्पर्धी उजव्या वाहिनीकडे वळत होता, ही त्यामागची भीती होती. १८ एप्रिल २०२३ रोजी फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. दुटप्पीपणा हा व्यवसायाचा भाग असतो असे मी वर म्हटले, त्याचा याहून थेट पुरावा मला ठाऊक नाही.

अलीकडचे एक उदाहरण, कारण त्यात मोजपट्टी दोन्ही दिशांना लावता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी केलेल्या वक्तव्यावरून एबीसी वाहिनीने त्यांचा कार्यक्रम थांबवला. त्याआधी संघीय दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एका मुलाखतीत वाहिनीला उघड इशारा दिला होता. याच कार यांनी २०२२ मध्ये राजकीय उपहास हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा एक अत्यंत जुना आणि महत्त्वाचा प्रकार असल्याचे लिहिले होते, आणि ते जुने लिखाण काही तासांत सर्वत्र फिरू लागले. ही जोडी वरच्या कसोटीला उतरते. पण कार यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर टेड क्रूझ यांनी कार यांच्या भाषेची तुलना माफियाच्या धमकीशी केली, तीही किमेल यांचे बोलणे आपल्याला पटत नसल्याचे सांगून. मोजपट्टी आपल्या माणसाला लावणारा कोणी दिसला तर त्याचीही नोंद त्याच पानावर करावी, अन्यथा आपण पुरावा गोळा करत नसून फक्त बाजू घेत असतो. २३ सप्टेंबरला किमेल पडद्यावर परतले.

मराठीत असे का होत नाही, हा तुमच्या प्रश्नात न लिहिलेला भाग. विनोदी लेखकांची आपल्याकडे उणीव नाही. उणीव आहे ती शोधता येईल अशा नोंदीची. आपल्या वृत्तवाहिन्यांच्या चर्चांना पडद्यावर संवादाची अक्षरे जोडलेली नसतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी कोण काय म्हणाले हे शब्द टाकून शोधता येत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने १९६८ पासून अमेरिकेच्या बातम्यांचा जसा स्वतंत्र संग्रह ठेवला आहे तसा मराठी वाहिन्यांचा बाहेरच्या कोणाकडे नाही. जुन्या फिती त्याच वाहिनीच्या लायब्ररीत असतात जिच्याविषयी प्रश्न विचारायचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ टीका आणि समीक्षणासाठी उचित वापराची मुभा देते, तरी यूट्यूबवर टाकलेल्या तुकड्यावर वाहिनीने आक्षेप घेतला की तो आधी उतरतो आणि वाद नंतर चालतो. मी स्वतः बारा वर्षे हाताने नोंदी ठेवल्या: तारीख, वेळ, वाहिनी, बोलणाऱ्याचे नाव, विषय आणि पूर्ण वाक्य, 'जर'पासून 'नाही'पर्यंत. कोणाला हे काम सुरू करायचे असेल तर त्याने एकच निवेदक आणि एकच विषय निवडावा, सत्ताबदलाच्या सहा महिने आधीपासून सुरुवात करावी आणि सत्ताबदलानंतरही निदान सहा महिने ते चालू ठेवावे.